थांबवलेली पायरी

पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘थांबा’ असं उमटलं आणि सुलक्षणानं हात जोडले. ही तिची जुनी सवय होती. कामाची एक पायरी पार पडली की आधी हात जोडायचे, मग पुढची पायरी. तांबोळीसाहेब पहिल्या वर्षी हसले होते. यंत्राला नमस्कार केला तर ते लवकर चालतं का, म्हणून त्यांनी विचारलं होतं. ती म्हणाली होती, यंत्राला नाही साहेब, पार पडलं त्याला. त्यानंतर साहेब हसले नाहीत. अलीकडं तर एखादं अवघड काम सुरू असलं की तेच हळूच बघायचे, ताईंनी हात जोडले का.

आज मात्र हात जोडून झाल्यावर तिनं पुढच्या पायरीकडं बघितलं नाही.

मिरजेबाहेरच्या माळावर, पवनचक्क्यांच्या रांगेखाली दक्षिण नामसूची केंद्र होतं. बाहेरून बघणाऱ्याला ते दूधसंघाचं शीतगृह वाटावं. आत मात्र पाच जिल्ह्यांतली माणसं नांदत होती, म्हणजे त्यांची नावं. कोण कोणाचा, कुणाला कुठलं दार उघडायचं, कुणाच्या हुकमानं कुठलं यंत्र चालायचं, हे सगळं नामसूचीला ठाऊक. रेशनदुकानातला तराजू, पाणीयोजनेचा पंप, दवाखान्यातलं औषधाचं कपाट, सगळे आधी तिला विचारत, हा माणूस तोच का? ती हो म्हणाली की मग कामाला लागत. अशी काही वस्तू आहे हे लोकांच्या गावीही नव्हतं. घराच्या पायाकडं कोण बघतं?

गेल्या आठवड्यात त्या पायालाच वाळवी लागल्याचं कळलं.

कुणीतरी आत शिरलं होतं, आणि गेले कित्येक महिने गुपचूप बसून होतं. सुलक्षणाला ते समजावून सांगताना नेहमी विरजणच आठवायचं. कालच्या दह्याचं विरजण आज दुधाला लावायचं, आजचं उद्या. एखाद्या दिवशी त्यात कडवटपणा शिरला की पुढचं सगळं दही कडवट, कितीही निरशं दूध घ्या. मग कडवटपणा कधी शिरला ते शोधायचं आणि त्याच्या आधीचं विरजण कुणाकडं राहिलं असेल तर ते मागून आणायचं. नामसूचीचे बॅकअप तसेच एकावर एक लावलेले. शोधता शोधता कळलं, विष शिरलं ते नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या सुमाराला. त्यानंतरचे सगळे बॅकअप नासलेले. शेवटचा निर्मळ बॅकअप होता तो त्याच्या आधीचा, नेमका सर्वपित्री अमावास्येला घेतलेला.

साहेबांनी बैठकीत ती तारीख वाचून दाखवली तेव्हा कुणी फारसं काही म्हणालं नाही. अमावास्येनंतर जन्मलेल्या, लग्न झालेल्या, नवी यंत्रं बसवून घेतलेल्या लोकांची नावं पुन्हा घालावी लागणार होती. त्रास होणार होता, पण करता येण्यासारखं होतं. सुलक्षणा खाली मान घालून पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसली. तिच्या घरी घटस्थापनेला एक यंत्र बसलं होतं, आणि ते पुन्हा बसणारं नव्हतं.

तिचा नवरा धैर्यशील खाडे हा कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. वारणेपासून कृष्णेपर्यंत कुठंही मैदान भरलं की हलगीच्या जोडीला त्याचा आवाज असायचाच. पैलवान मातीत उतरायच्या आधी त्याचा वस्ताद, त्याची तालीम, त्याच्या म्हशीचं दूध, सगळं तो लोकांच्या डोळ्यांपुढं उभं करायचा. लोक म्हणायचे, डोळे मिटून कुस्ती बघायची तर खाड्यांच्या तोंडून. अशा माणसाच्या जिभेपासूनच आजारानं सुरुवात केली. मज्जातंतू एकेक करून विझत जाणार, हात जाणार, पाय जाणार, शेवटी पापणीसुद्धा हलायची नाही, आणि आतला माणूस मात्र जागाच राहणार. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं दोघांना समोर बसवून सांगितलं. मूलबाळ नव्हतं. त्या घरात बोलणारं माणूस म्हणजे तोच; सुलक्षणा मुळातच हळू आवाजाची आणि नेमधर्माची. पहाटेची आंघोळ, तुळशीला पाणी, जपाची माळ, तिन्हीसांजेला दिवा, चातुर्मासात मौन धरून जेवण. खोटं बोलायचं नाही, हा एका चातुर्मासात धरलेला नेम तिनं पुढं सोडलाच नव्हता.

त्याच सुमाराला कंठिका निघाली होती. कवटीखाली एक पातळ जाळी बसवायची आणि गळ्यात बोराएवढा ध्वनिक्षेपक. माणूस बोलू बघतो तेव्हा जीभ हलो न हलो, मेंदू हुकूम सोडतोच. जाळी तो हुकूम टिपते. कुठल्या हुकमाचा कुठला उच्चार, हे ती माणूस थोडंफार बोलू शकतोय तोवरच त्याच्याकडून शिकून घेते आणि त्याच्या मनाचा एक नकाशा तयार करते. शरीर पुरतं थांबल्यावर नवा नकाशा काढता येत नाही, कारण बरोबर का चूक हे यंत्राला सांगणारं कुणी उरत नाही. आणि हा नकाशा चोरीला जाऊ नये म्हणून कायदा कडक. नकाशा कुलपात असायचा, किल्ली नामसूचीत असायची, आणि नामसूचीचा शिक्का असेल तोवरच कंठिकेनं कुलूप उघडायचं. नकाशा बाहेर काढून दुसरीकडं ठेवायची सोयच ठेवलेली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी कंठिका बसवायला दिलेली तारीख पितृपक्षातली होती.

सुलक्षणानं हळूच विचारलं होतं, जरा पुढची मिळेल का. पितृपक्षात आपण नवं वस्त्रसुद्धा नेसत नाही. घटस्थापनेला बसवू, देवी बसते त्याच दिवशी वाचा बसेल. डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. तेव्हा धैर्यशीलची जीभ जड झाली होती, तरी त्यानं शब्द ओढून आणले. “पितर काय माझ्या आवाजाच्या वाटेत बसल्यात होय?” आणि मग तिच्या चेहऱ्याकडं बघून म्हणाला, “असूं दे. तिचा नेम मोडून मिळालेला आवाज घरात कुणाशी बोलणार?”

तर घटस्थापनेला कंठिका बसली. पहिल्या दिवशी ती खरखरली, चौथ्या माळेला सरळ बोलायला लागली, आणि दसऱ्याला त्यानं गल्लीतल्या पोरांच्या कुस्तीचं निवेदन केलं. चातुर्मास सरला नव्हता, सुलक्षणाचं मौनाचं जेवण चालूच होतं. त्याचा तो मनसोक्त फायदा घ्यायचा. ती ताटावर बसली की ह्याची हलगी सुरू. “पैलवान सुलक्षणा खाडे, वजन गुलदस्त्यात, भाकरीला भिडल्यात. पिठल्यावर एकेरी पटाचा डाव. मंडळी, उत्तर देत नाहीत, कारण देवाला शब्द दिलाय!” ती हसू दाबत घास गिळायची. मार्गशीर्षात त्याच्या पापण्या थांबल्या. डोळे फक्त समोर बघत राहिले. आवाज तेवढा राहिला.

माघात वाळवी सापडली.

तिनं तांबोळीसाहेबांना एकदाच विचारलं होतं. इरफान तांबोळी मिरजेचेच. घरी सतारी बनवायचा पिढीजात व्यवसाय, हे एकटेच ह्या यंत्रांत आलेले. एकच नोंद, साहेब, तेवढी नासलेल्यातून उचलून घेता येईल का? साहेबांनी डोळे मिटले. नासलेल्यातलं एक बोट जरी नव्या विरजणाला लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. आणि तशी वेळही राहिली नव्हती. पहिल्याच पायरीला सगळे सर्व्हर पुसून कोरे केलेले. ती पायरी सुलक्षणानंच पार पाडली होती, आणि पार पडल्यावर हात जोडले होते.

आता उरली होती शिक्क्याची गोष्ट. चोरानं नामसूचीचा मूळ शिक्काच नेला होता. त्या शिक्क्यानं तो हवं तेव्हा हवं ते हुकूमपत्र बनवू शकत होता, मी अमका डॉक्टर, मी तमका इंजिनियर, आणि यंत्रं निमूट मान डोलावणार. म्हणून मूळ शिक्का बदलायचा, आणि तोही दोनदा. कारण नामसूचीच्या झोपाळ्यावर दोनच शिक्के बसतात, आत्ताचा आणि त्याच्या आधीचा. नवा येऊन बसला की जुना नुसता सरकतो, त्याचा मान राहतोच. आणखी एक नवा आला की मगच तो पलीकडून खाली पडतो. दोन बदलांच्या मध्ये थांबायचं. पाच जिल्ह्यांतले सगळे सर्व्हर एका ओळीत आले, सगळ्यांना पहिला बदल पोचला, ह्याची खात्री करायची, आणि मग ‘पुढे’ दाबायचं. घाई केली तर सगळंच अर्धवट लटकतं.

ह्या थांब्यातच धैर्यशीलचा आवाज जिवंत होता. कंठिका रोज नाव शोधत नव्हती, शिक्का बघत होती. आणि तिच्याकडचा शिक्का जुना असला तरी अजून झोपाळ्यावर होता. दुसरा बदल झाला की तो पडणार. मग कंठिका नाव शोधणार, अमावास्येच्या नामसूचीत ते सापडणार नाही, नाव नव्यानं घातलं तरी जुनी किल्ली मिळणार नाही, आणि कुलूप कायमचं बंद.

चोराचा शिक्काही तोच होता. थांबा चालू होता तोवर त्याचाही मान होता. हे सुलक्षणाला दुसऱ्या कुणी समजावायची गरज नव्हती. साऱ्या केंद्राला ते शिकवलं होतं तिनंच.

दुपार कलली तेव्हा सगळे सर्व्हर जुळल्याचं पडद्यावर आलं आणि ‘पुढे’ची कळ उजळली. साहेब तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

“ताई, उठा. मी बसतो.”

“नको साहेब. सुरुवात मी केली.”

साहेबांनी उजळलेल्या कळेकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “जुळणी पुन्हा एकदा तपासायची म्हणून थांबा दिवस मावळेपर्यंत ठेवता येतो. नियमात आहे. चोर इतके महिने नुसता बसलाय, दोन-तीन तासांत काय करणार आहे? मी नमाज पढून येतो. मी काही विचारणार नाही.”

ते गेल्यावर तिनं टेबलावरचा तारेचा फोन ओढला आणि घरी लावला.

सोजरमावशीनं उचलला. धैर्यशीलला अंघोळ घालायला, कूस बदलायला, नामसूचीला न विचारता चालणाऱ्या साध्या श्वासयंत्राकडं बघायला, नळीतून पेज द्यायला ती दिवसभर असायची. मालकांनी आज सकाळपासून डोस्कं खाल्लंय, अशी तिची तक्रार. कुठल्या तरी मैदानाच्या जुन्या गोष्टी सांगत बसलेत आणि मध्येच मला विचारतात, मावशी, कोण जिंकलं असंल सांगा. मला काय ठावं? फोन त्यांच्या उशाला ठेवते, म्हणाली.

“काय गं सुलू,” कंठिकेतून आवाज आला. त्याचा जुना, मैदानी आवाज. “जमलं का काम?”

तिनं त्याला आधीच्या दिवसांत सगळं सांगितलं होतं, फक्त शिक्क्याचं सांगितलं नव्हतं. आता सांगितलं, मोजक्या शब्दांत. कंठिकेतली शांतता वेगळीच असते, श्वासही ऐकू येत नाही.

“म्हणजे कुस्ती थांबवलीया,” तो म्हणाला. “मैदानाच्या कडेला गेले पैलवान की पंच थांबवतो, मधी घेतो. आणि जी पकड होती तीच देऊन परत लावतो. जास्त वेळ थांबवली की पकड बदलती, सुलू. मग त्या कुस्तीला अर्थ नसतो.”

“हो.”

“मग? सर्व्हर जुळले का तुझे?”

कळ तिच्या समोर उजळलेली होती. देवघरातल्या समईसारखी स्थिर.

“नाही अजून,” सुलक्षणा म्हणाली.

तोंडातून ते इतक्या सहज गेलं की तिलाच कळायला वेळ लागला. खोटं बोलताना घसा कोरडा पडतो, जीभ अडखळते, असं ती समजून होती. तसं काहीच झालं नाही.

“मग निवांत बसू की,” तो खुशीत म्हणाला. “पण जुळले की दाब हां. माझी वाट बघू नको. बरोबरीत सोडवलेली कुस्ती मला आवडत नाही, तुला ठावं हाय. निकाली पाहिजे.”

ती दुपार तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची होती असं म्हटलं तर पाप लागेल, पण तसंच होतं. मोठं असं तो काहीच बोलला नाही. तिला वाटलं होतं, काही सांगेल, काही मागेल, मनात धरलेलं सोडेल. तो म्हणाला, शेजारच्या मगदुमांचा रेडिओ दुपारचा फार मोठा असतो, त्यांना सांग. सोजरमावशीला हिंगाची फोडणी जमत नाही, मला चव नाही पण वास कळतो. मावशी मागून ओरडली की मग मालकांनीच उठून करावी. तो म्हणाला, उठतो की, जरा लंगोट बांधा माझा. दोघं हसले. सुलक्षणाही हसली, आणि हसता हसता तिची नजर कळेवर जाऊन परत आली.

मग त्यानं त्यांच्या लग्नातली गोष्ट काढली. अक्षता पडताना भटजींचा घसा बसला, तेव्हा नवरदेवानंच माइक ओढून घेऊन म्हटलं होतं, मंडळी, सावधान. सासऱ्यांना राग आला होता. “तुझ्या वडिलांनी पुढं मला सहा महिने बोलू दिलं नाही,” तो म्हणाला. “आणि तू तर आधीच बोलत नव्हतीस. पहिलं वर्ष मी एकटाच बडबडत होतो घरात. मला वाटायचं, ही बया ऐकती का नाही.”

“ऐकत होते,” ती म्हणाली.

“ते कळलं नंतर. दोन वर्षांनी मला माझंच निवेदन म्हणून दाखवलंस की, भाकरी थापताना.” थोडं थांबून त्यानं विचारलं, “अजून जुळले नाहीत का गं?”

“नाही.”

“लई वेळ लागला.”

“लागतो.”

खिडकीतून पवनचक्क्यांच्या सावल्या माळावर लांब व्हायला लागल्या होत्या. दिवा लावायची वेळ जवळ आली. तिन्हीसांजेचा दिवा ती कामावर असली की सोजरमावशी लावायची. तिनं मनाशी ठरवलं, मावशीनं दिवा लावला, काडी ओढल्याचा आवाज फोनवर आला, की दाबायचं. एवढंच. देवाकडं आजवर काही मागितलं नव्हतं, आज दिवा लागेपर्यंतचा वेळ मागते. हा हिशेब मनात मांडताना ती देवाशी किती मऊ बोलत होती. त्याचं तिला पुढं फार वाईट वाटलं.

“सुलू,” धैर्यशील म्हणाला, “येताना माझ्यासाठी जरा...”

लाल दिवा लागला आणि कर्णकर्कश घंटा वाजू लागली.

घाटाखालच्या एका छोट्या दवाखान्यात कुणीतरी जुन्या शिक्क्याचं हुकूमपत्र दाखवलं होतं, आणि श्वासयंत्रांना बंद व्हायचा हुकूम दिला होता. यंत्रांनी शिक्का पाहिला, खरा होता, ती बंद झाली. इतके महिने बसून राहिलेल्या चोराला दार लागत आल्याची चाहूल लागली असावी.

सुलक्षणानं ‘पुढे’ दाबलं. दुपारभर जी वाट बघत बसली होती, तिनं एका शब्दाची वाट बघितली नाही.

फोनमधून कसलाच आवाज झाला नाही. ना खरखर, ना टिकटिक. मग सोजरमावशी फोनवर येऊन म्हणाली, “ताई, मालक बोलता बोलता थांबले बघा. झोपले का काय?”

तोवर तांबोळीसाहेब धावत आत आले होते. दवाखान्याशी दुसऱ्या तारेच्या फोनवर बोलणं चालू होतं. शिक्का पडल्याबरोबर हुकूम रद्द झाला, पण यंत्रं पुन्हा सुरू होऊन लय धरेपर्यंत वेळ जातो. तेवढ्यात तिथल्या नर्सांनी आणि नातेवाइकांनी हातानं पिशव्या दाबून श्वास दिला. खाटा पाच होत्या, हात चौघांनाच पुरले. पाचव्या खाटेवर शेवंता डोंबे नावाची बाई होती. विडीच्या कारखान्यात आयुष्य गेलेली, सुलक्षणाच्याच वयाची. तिचा नवरा तेवढ्यात चहा आणायला खाली गेला होता.

साहेब भिंतीला टेकून खाली बसले. “मीच बोललो होतो,” ते म्हणाले. “थांबा ठेवता येतो म्हणून मीच बोललो.”

पायरी पार पडली होती. पडद्यावर तसं आलंही. सुलक्षणानं हात जोडले नाहीत.

पुढं चौकशी झाली. चौकशी करणाऱ्यांनी वेळा तपासल्या आणि थांबा नियमात होता असं ठरवलं. उलट जुळणी नीट झाल्यानंच दुसरा बदल एका क्षणात सगळीकडं पोचला, नाहीतर बळी जास्त गेले असते, असंही कुणी म्हणालं. सुलक्षणानं त्यांना सांगितलं, कळ दुपारीच उजळली होती, मी नवऱ्याशी बोलत बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं. त्यातल्या एका वयस्क बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही खूप ताणाखाली होता. त्यांना शिक्षा द्यायची नव्हती. ती कुठं मिळते ते तिला शोधता येईना.

कळ दाबली त्या दिवशी घरी पोचली तेव्हा दिवा लागलेला होता. मावशीला तिनं जायला सांगितलं. मग धैर्यशीलच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत, पाट मांडून बसली. सगळं सांगितलं. कळ कधी उजळली ते. आपण दोनदा खोटं बोललो ते. शेवंता डोंबेचं नाव, तिचा नवरा चहा आणायला गेला होता ते. पितृपक्षाचंही सांगितलं, मी ती तारीख पुढं ढकलली नसती तर तुमचं नाव अमावास्येच्या नामसूचीत असतं, हे त्याला आधीच कळून चुकलं असणार, तरी सांगितलं. आवाज न चढवता, एकेक करून.

तो समोर बघत होता. पापणी हलली नाही. श्वासाचं यंत्र वर-खाली होत राहिलं, त्याच त्या लयीत. रागावला असता तर ओरडला असता, त्याचं ओरडणं तिला पाठ होतं. माफ केलं असतं तर आधी चेष्टा केली असती, तीही पाठ होती. दोन्हीतलं काय, हे त्या चेहऱ्यावर कुठंच लिहिलेलं नव्हतं. माणूस आत जागा होता आणि सगळं ऐकत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तसा तो कित्येक वर्षं राहील.

जप तिनं सोडला नाही, तुळशीचं पाणीही सोडलं नाही. फक्त देवापुढं बसली की काय म्हणायचं ते सुचत नाही, म्हणून नुसती माळ ओढते. एक नेम मात्र नवा लागला. रोज कामावरून येताना ती काहीतरी घेऊन येते. नळीतून पेज घेणाऱ्या, न हलणाऱ्या माणसानं येताना काय आणायला सांगितलं असतं? पहिल्या दिवशी तिनं मोगऱ्याचा गजरा आणला, वास कळतो म्हणून. मग हिंगाची डबी. मग भडंग, नुसतं कानाशी कुरकुरवायला. हलगीवाल्या पोराला बोलावून आणलं, त्यानं अंगणात वाजवली. मगदुमांना सांगून रेडिओ बंद करवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोठ्यानं लावायला सांगितला. सोजरमावशी पहिल्यांदा सुचवायची, हे बघा, ते बघा. आताशा ती बोलत नाही. ताई वाटेवर दिसल्या की पिशवीकडं न बघता चपला घालते आणि निघून जाते.

व्रताला उद्यापन असतं. सोळा सोमवार झाले की सतरावा असतो, पाचा वर्षांची मंगळागौर पाचव्या वर्षी सुटते. ह्या नेमाला तसं काही नाही, हे सुलक्षणाला पहिल्या आठवड्यातच कळलं.

आज ती वाट वाकडी करून जुन्या तालमीत गेली होती. वस्तादांनी कुस्तीच्या हौद्यातली मूठभर माती काढून दिली. तांबडी, तेल-ताक-हळद मुरलेली. ती पदरात बांधून आणली. दिवा लावला. पाट मांडला. ओंजळ उघडून त्याच्या डोळ्यांपुढं धरली, मग नाकाशी नेली आणि तिथंच धरून ठेवली.

“हेच का हो?” तिनं विचारलं.

यंत्र वर गेलं, खाली आलं. हात भरून येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग माती पुडीत बांधली आणि कोनाड्यात, बाकीच्या वस्तूंच्या शेजारी ठेवली.